गजबजलेल्या रस्त्याखालचा बोगदा: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

बोगद्याच्या प्रकल्पावर रुजू होणाऱ्या प्रत्येकाला टीबीएमपाशी, म्हणजे बोगदा खोदणाऱ्या यंत्रापाशी, जायचं असतं. साहजिक आहे. साडेसहा मीटर व्यासाचं यंत्र जमिनीच्या पोटात पुढे सरकताना बघण्याची ओढ अजूनही माझी कमी झालेली नाही. तरी सल्ला विचारायला येणाऱ्या मुलामुलींना मी सांगतो, निवड तुमच्या हातात असेल तर पहिलं वर्ष युटिलिटीच्या (रस्त्याखालच्या वाहिन्या बघणाऱ्या) किंवा मॉनिटरिंगच्या (जमीन-इमारतींची हालचाल मोजणाऱ्या) टीममध्ये काढा. लाइट रेलचा, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या रेल्वेचा, बोगदा भर वस्तीतल्या रस्त्याखालून जातो. वर बस धावत असतात, दुकानं उघडी असतात, ॲम्ब्युलन्स वाट काढत असते. खाली केलेल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम वर कुठे आणि किती दिसेल, हा अंदाज ज्याला आला तो पुढे यंत्रावर बसला तरी भरवशाचा माणूस ठरतो.

या प्रकारच्या कामाचं जुनं उदाहरण बोस्टनचं आहे. तिथल्या ट्रेमाँट स्ट्रीटवर ट्रामगाड्यांची इतकी दाटी व्हायची, की शेवटी त्यांना रस्त्याखाली न्यायचं ठरलं. १ सप्टेंबर १८९७ ला तो बोगदा सुरू झाला आणि आजही ग्रीन लाइनच्या लाइट रेल गाड्या त्याच्यातून धावतात. मात्र तो उघडण्याच्या सहा महिने आधी, ४ मार्च १८९७ ला, बॉइल्स्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मोठा स्फोट झाला. रस्त्याखालच्या गॅसच्या वाहिनीतून गळती होत होती. बांधकामासाठी टाकलेला तात्पुरता फळ्यांचा रस्ता आणि खालचं बोगद्याचं छत यांच्यामधल्या पोकळीत तो गॅस साठत गेला. वरून जाणाऱ्या माणसांचे जीव गेले. सव्वाशे वर्षांत साधनं पार बदलली, पण तात्पुरत्या डेकखाली गॅस डिटेक्टर का लावायचा, हे मी नव्या माणसाला अजूनही या घटनेवरूनच समजावतो.

रस्त्याखाली आधी काय आहे

नकाशावर रस्त्याखाली पाच-सहा रेघा दिसतात: पाणी, सांडपाणी, गॅस, वीज, टेलिफोन, फायबर. प्रत्यक्षात खोदलं की त्याच्या दुपटीने गोष्टी निघतात. बंद पडलेल्या वाहिन्या, कुणाच्याच नोंदीत नसलेल्या केबल, जुन्या ट्रामचे गाडलेले रूळ, विटांची गटारं. म्हणून आधी जीपीआर (जमिनीत लहरी सोडून शोध घेणारं रडार) आणि केबल लोकेटरने शोध घ्यायचा, आणि मग हाताने ट्रायल पिट, म्हणजे तपासणीचा लहान खड्डा, खणून डोळ्यांनी खात्री करायची. जीपीआरवर एकट्यावर विसंबू नका. ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरून जातात आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. "काही दिसलं नाही" आणि "काही नाही" यांत फरक आहे, आणि तो अहवालात स्पष्ट लिहिणं तुमचं काम आहे.

ट्रायल पिटमध्ये उभं राहून वाहिनीच्या माथ्याची लेव्हल स्वतः घ्या. सोबत तिचं मटेरियलही लिहा. कास्ट आयर्नची जुनी वाहिनी आणि पॉलिथिनची वाहिनी सारखीच खचली, तर पहिली सांध्यातून उघडेल आणि दुसरी वाकून घेईल. जमीन किती खचलेली चालेल याची मर्यादा पुढे डिझाइनवाले अशाच नोंदींवरून ठरवतात. वाहिनी हलवायची असेल तर तिच्या मालक संस्थेची परवानगी, तिचे ठेकेदार आणि तिच्या बंद-चालूच्या वेळा यांतच महिनोन्महिने जातात. पुष्कळ प्रकल्पांचं वेळापत्रक यंत्र मंद चाललं म्हणून घसरत नाही, ते इथे घसरतं. या टीमला मीटिंगा फार असतात अशी तक्रार नवी मुलं करतात. पण सगळ्या खात्यांशी बोलायला शिकवणारी दुसरी जागा या धंद्यात नाही.

आता रॅम्प. लाइट रेलची गंमत अशी की तीच गाडी रस्त्यावरही धावते आणि जमिनीखालीही. त्यामुळे कुठेतरी रस्त्याच्या मधोमध तिला खाली उतरवावं लागतं. चढ साधारण ६ टक्के धरला आणि ८ मीटर खाली जायचं असेल, तर नुसता उतारच १३० मीटरच्या पुढे जातो. शिवाय दोन्ही टोकांना उतार हळूहळू सुरू करायला आणि संपवायला लागणारी लांबी वेगळी. एवढ्या लांबीत एकही आडवा रस्ता तो ओलांडू देत नाही. शिवाय टीबीएमच्या डोक्यावर ढोबळमानाने यंत्राच्या व्यासाएवढी तरी माती लागते, आणि रॅम्पपाशी ती संपत आलेली असते. म्हणजे तिथे रस्ता उघडूनच काम करावं लागतं, आणि नेमक्या त्याच उथळ पट्ट्यात सगळ्या वाहिन्या असतात. कामाचं डोकं कुठे घडतं असं मला कुणी विचारलं, तर मी रॅम्पच सांगेन.

भिंत, डेक आणि पाणी

स्टेशन आणि रॅम्प बहुधा कट अँड कव्हर पद्धतीने, म्हणजे वरून खणून मग झाकून, होतात. वर्दळीच्या रस्त्यावर टॉप-डाऊन चांगलं: अर्ध्या रस्त्याची वाहतूक दुसऱ्या अर्ध्यावर वळवायची, कडेने डायफ्रॅम वॉल, म्हणजे खोल चरात ओतलेली काँक्रीटची भिंत, उतरवायची, वर छताचा स्लॅब टाकायचा, मग बाजू बदलायची. छत पुरं झालं की वाहतूक त्यावरून सुरू, आणि खोदाई खाली चालू. मुळात लोकांना रस्ता परत देण्याची घाई असते, आणि ती रास्तच आहे. पण भिंतीच्या कामात घाई चालत नाही.

जर्मनीतल्या कोलोनचं प्रकरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मुळातून समजून घ्यावं. उत्तर-दक्षिण श्टाटबानचा, म्हणजे तिथल्या लाइट रेलचा, बोगदा सेव्हरिनश्ट्रासेखाली होत होता. ३ मार्च २००९ ला रूळ बदलण्याच्या जागेसाठी खणलेल्या खोल खड्ड्यात पाणी आणि वाळू घुसली. शेजारचं शहराचं ऐतिहासिक अभिलेखागार आणि लगतची घरं कोसळली. दोन तरुणांचा मृत्यू झाला आणि मध्ययुगापासूनची कागदपत्रं ढिगाऱ्यात व भूजलात गेली. तपासाचा रोख डायफ्रॅम वॉलमधल्या एका सदोष जागेवर आला. भिंतीत राहून गेलेल्या फटीतून पाणी वाळूला सोबत घेऊन आत आलं होतं.

यातून साइटवर रोज वापरायची गोष्ट म्हणजे पाण्याचा रंग. भिंतीच्या सांध्यातून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर ते मोजा, नोंदवा, ग्राउटिंगची, म्हणजे सिमेंटचं मिश्रण दाबून फट भरायची, तयारी करा. गढूळ पाणी येत असेल तर मागची माती निघून चालली आहे, आणि त्याच क्षणी वरिष्ठाला उठवायचं. रात्रीचे तीन वाजले असले तरी. बादलीत पाणी धरून ठेवा, तळाला बसलेला गाळ बघा. या तपासणीला कसलंही उपकरण लागत नाही आणि ती शिकवायला कुणी कोर्स घेत नाही.

पाणी उपसण्याबद्दलही एक सांगतो. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी भूजलाची पातळी खाली नेली, तर मऊ चिकणमातीत दूरवरच्या इमारतींखालची जमीनही दबते. कॉलेजात कन्सॉलिडेशनचा (पाणी निघून माती दबण्याचा) धडा परीक्षेपुरता वाचला जातो. तो इथे लोकांच्या भिंतींवर तड्यांच्या रूपाने भेटतो. पिझोमीटरचे (भूजलाचा दाब मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे म्हणून इमारतीच्या लेव्हलइतकेच गंभीरपणे घ्या.

यंत्रावर गेलात तर

शिफ्ट इंजिनिअर झालात की पडद्यावर शेकडो आकडे दिसतील. त्यातले तीन मी कधीच नजरेआड होऊ देत नाही: समोरच्या मातीवरचा दाब, बाहेर आलेल्या मकचं (खोदलेल्या मातीचं) वजन आणि रिंगमागे, म्हणजे बोगद्याच्या अस्तराच्या काँक्रीटच्या कड्यामागे, गेलेलं ग्राउट.

हिशेब स्वतः करून बघा. खोदाईचा व्यास ६.५ मीटर आणि रिंगची लांबी १.५ मीटर असेल, तर एका रिंगसाठी जागेवरची माती साधारण ५० घनमीटर. घनता घनमीटरला २ टन धरली तर १०० टन. मिसळलेला फोम आणि पाणी वजा करूनही बेल्टचा काटा ११५ टन दाखवत असेल, तर जादा १५ टन माती आली कुठून? ती यंत्राच्या डोक्यावरून आली आहे, आणि वर कुठेतरी पोकळी झाली आहे. रस्त्याचं डांबर अशी पोकळी काही काळ पेलून धरतं, त्यामुळे पृष्ठभागावरच्या लेव्हलला लगेच काही कळतही नाही. तसंच ग्राउटचं. रिंगचा बाहेरचा व्यास ६.२ मीटर असेल तर प्रत्येक रिंगमागे जवळजवळ साडेचार घनमीटरची जागा भरायची असते. साडेतीनच गेलं असेल तर उरलेली जागा जमीन स्वतः खाली येऊन भरते.

रस्ता किती खचेल याचा अंदाज घ्यायला राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडलेली घंटेच्या आकाराची वक्ररेषा आजही पहिल्या टप्प्यावर वापरतात. चिकणमातीत बोगद्याचा मध्य २० मीटर खोल, व्यास ६.५ मीटर आणि व्हॉल्यूम लॉस (बोगद्याच्या आकारमानापेक्षा जादा निघालेली माती) १ टक्का असेल, तर मध्यरेषेवर सुमारे १३ मिलिमीटर खचणं येतं, आणि त्याचा प्रभाव दोन्ही बाजूंना २५ ते ३० मीटरपर्यंत जातो. म्हणजे फुटपाथ ओलांडून इमारतींच्या पायापर्यंत. व्हॉल्यूम लॉस ३ टक्के झाला की तेच ४० मिलिमीटर होतं. हे गणित एकदा हाताने, कागदावर करा. नंतर सॉफ्टवेअरमधून आलेला आकडा बरोबर वाटतो की नाही हे आपोआप जाणवायला लागतं.

सगळीकडे टीबीएम नसतं. ओटावाच्या कॉन्फेडरेशन लाइनचा शहराच्या मध्यातला अडीच किलोमीटरचा बोगदा रोडहेडर, म्हणजे फिरत्या दातेरी डोक्याने खडक कापणाऱ्या, यंत्रांनी टप्प्याटप्प्याने खोदला गेला. ८ जून २०१६ ला सकाळी तिथल्या रिडो स्ट्रीटवर प्रचंड खड्डा पडला, पाण्याची मुख्य वाहिनी तुटली, गॅसची गळती झाली आणि उभी असलेली एक व्हॅन आत गेली. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. खडकातून मऊ मातीत जाण्याचे टप्पे असतात तिथे नेहमीपेक्षा जास्त माणसं, जास्त बोअरहोल आणि कमी वेग ठेवायचा, असं मला वाटतं, आणि खर्चाच्या बैठकीत यावर मी मागे हटत नाही.

मॉनिटरिंगमध्ये असाल तर प्रिझम, टिल्टमीटर, इनक्लिनोमीटर (जमीन, इमारती आणि भिंती किती सरकल्या-कलल्या ते मोजणारी साधनं) यांचे आकडे रोज येतील आणि त्यांना इशाऱ्याच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या असतील. पायरी ओलांडली की कुणाला फोन करायचा हे भिंतीवर लावा. सिंगापूरला २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेलगतची मेट्रोची खोल खोदाई कोसळून चार जणांचा बळी गेला. खड्ड्याच्या भिंतींना आडवा आधार देणारे स्ट्रट आणि त्यांचा भार भिंतीवर पसरवणारे वेलर यांच्या जोडात चूक होती, पण चौकशीत हेही पुढे आलं की उपकरणं आधीपासून इशारे देत होती. तो चौकशी अहवाल प्रसिद्ध आहे. माझ्या मते बोगद्याच्या कामात शिरण्याआधी वाचायचा पहिला दस्तऐवज तोच.

अभ्यास आणि माणसं

शिकत असाल तर सॉइल मेकॅनिक्स पक्कं करा, त्यातही इफेक्टिव्ह स्ट्रेस, म्हणजे पाण्याचा दाब वजा करून मातीच्या कणांवर उरणारा ताण. दुसरा विषय सर्वेइंग, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल येत नाही. दोन-तीन किलोमीटर आत जाऊन यंत्र ठरलेल्या जागी बाहेर काढायचं तर ट्रॅव्हर्स (एका बिंदूवरून पुढच्या बिंदूची कोन-अंतरं मोजत जाणं) आणि त्यातल्या त्रुटी समजाव्या लागतात. इंटरनॅशनल टनेलिंग अँड अंडरग्राउंड स्पेस असोसिएशन ही संस्था १९७४ पासून आहे. तिच्या कार्यगटांचे अहवाल मोफत वाचता येतात आणि तरुण सभासदांचा वेगळा गटही आहे.

दुकानदार आणि रहिवाशांशी बोलायची वेळ येईल, आणि ते काम जनसंपर्काच्या टेबलावर ढकलू नका. काम सुरू होण्याआधी प्रत्येक इमारतीच्या तड्यांची फोटोंसह नोंद करताना घरमालकाला शेजारी उभं करा, त्याच्यासमोर मोजा, प्रत त्याला द्या. कोणत्या रात्री आवाज होईल हे आधी सांगितलं तर लोक सहन करतात. न सांगता केलं तर योग्यच चिडतात. सॅन फ्रान्सिस्कोत सेंट्रल सबवेचं स्टेशन खरेदीच्या भागातल्या स्टॉकटन स्ट्रीटखाली बांधताना वर्षअखेरीच्या हंगामात वरचं काम थांबवून रस्ता पायी फिरणाऱ्यांना मोकळा केला जाई. वेळापत्रकात अशी जागा सुरुवातीलाच ठेवायची असते.

शिफ्ट बारा तासांच्या असतात आणि रात्रपाळी चुकत नाही. झोप नीट होत नसेल तर सांगा. थकलेल्या माणसाने परमिटवर सही करू नये.

खोदाई संपली की बरेच जण पुढच्या प्रकल्पाला निघतात. जमलं तर थांबा. आपण घातलेल्या बोगद्यात रूळ, ओव्हरहेड तार, पंखे कसे बसतात ते बघितल्यावर पुढचं डिझाइन वेगळ्या डोळ्यांनी वाचता येतं. दोन बोगद्यांना जोडणारे आडमार्ग एनएफपीए १३० या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकानुसार २४४ मीटरपेक्षा जास्त अंतरावर का नसावेत, हे धुराच्या चाचणीत उभं राहिल्यावर पटतं. आणि लाइट रेलला बहुधा ७५० व्होल्ट डीसी असतो, परतीचा प्रवाह रुळांतून जातो. रुळाचं इन्सुलेशन कच्चं राहिलं तर तो जमिनीत गळून शेजारच्या लोखंडी वाहिन्या कुरतडतो. रूळ आणि जमीन यांच्यामधला रोध मोजायची चाचणी होते तेव्हा, पहिल्या वर्षी ट्रायल पिटमध्ये लिहून ठेवलेली वाहिन्यांची यादी घेऊन तिथे जा. कोणत्या वाहिन्या लोखंडी आहेत हे त्या टीमला हवं असतं, आणि ते नेमकं तुमच्याच वहीत असतं.