रंगाखाली धागे पसरताहेत? ॲल्युमिनियम शीट तापवताना या चुका टाळा

कापलेल्या कडेपासून किंवा ओरखड्यापासून रंगाखाली बारीक, वळवळते धागे निघाले, की तो फिलिफॉर्म गंज. खारी, दमट हवा त्याला मानवते, म्हणून कोकण किनाऱ्यावर रंगीत शीट लावणाऱ्यांनी तो ओळखायलाच हवा. दोष बहुधा पावडरला, म्हणजे शीटवर भाजून बसवलेल्या भुकटी-रंगाला दिला जातो. माझ्या मते आधी रंगाखालचा धातू तपासावा.

रोलिंगमध्ये, म्हणजे रुळांमधून दाबून पातळ करताना, शीटचा अगदी वरचा थर रगडला जातो. त्याची जाडी सहसा एका मायक्रॉनच्या आतबाहेर असते. त्यातले ग्रेन (धातूचे स्फटिककण) अतिसूक्ष्म होतात, ऑक्साइडही आत दाबला जातो. ३००५ सारख्या मँगनीजयुक्त मिश्रधातूच्या शीटचं अनीलिंग केलं, म्हणजे ती मऊ करायला तापवली, की याच थरात मँगनीजचे असंख्य सूक्ष्म कण तयार होतात आणि तो आतल्या धातूपेक्षा लवकर गंजतो. गाड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ६००० मालिकेतल्या मिश्रधातूंच्या शीटचा थर असा सक्रिय, म्हणजे लवकर गंजणारा व्हायला तर रंग भाजण्याचं सुमारे १८० अंशांचं तापमानही पुरतं. म्हणून ओव्हन थंड ठेवणं हा उपाय नव्हे. त्याने रंगच कच्चा राहतो. तो थर आधी काढायचा.

इथेच सर्वांत महागडी चूक होते: साबणाच्या पाण्याने तेल काढलं, की शीट तयार झाली असं मानणं. तेल जातं, थर तसाच राहतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने एचिंग, म्हणजे वरचा धातू विरघळवून काढणं हवं, त्यानंतर काळपट थर घालवायला नायट्रिक आम्लाची धुलाई आणि मग रूपांतरण लेप, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून दिलेला पातळ रासायनिक थर. ॲल्युमिनियमच्या रंगकामाचं गुणवत्ता-मानक क्वालिकोट किमान १ ग्रॅम प्रति चौरस मीटर एचिंग मागतं, समुद्रकाठच्या दर्जासाठी २ ग्रॅम. १ ग्रॅम म्हणजे एका बाजूने ०.३७ मायक्रॉन, म्हणून थर जाड असेल तर किमान आकड्यावर थांबू नका.

मोजणं सोपं आहे. १० सेंमी चौरस तुकड्याच्या दोन्ही बाजू मिळून ०.०२ चौरस मीटर होतात. १ ग्रॅमच्या हिशेबाने त्याचं वजन २० मिलिग्रॅमने घटायला हवं. मिलिग्रॅम दाखवणारा काटाच वापरा.

एचिंग झाल्यावर डाग दिसला म्हणून पॉलिश पेपर मारू नका. घासलं की तसाच थर पुन्हा तयार होतो आणि भाजताना तो सक्रिय होतो. घासावंच लागलं, तर पुन्हा एचिंग करा.

धागे निघालेल्या शीटवर नुसता नवा हात मारला, तर ते खालून वाढतच राहतात. तिथला रंग धातूपर्यंत उतरवून सुरुवात एचिंगपासूनच करावी लागते.