अणुप्रकल्पाची जनसुनावणी: कचऱ्याचा प्रश्न विचारताना या चुका टाळा

प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधी होणारी जनसुनावणी म्हणजे मतदान, हा समज आधी डोक्यातून काढा. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार तिथे हरकती नोंदवतात, हात मोजत नाहीत. गणपूर्तीची अटही नाही. अख्ख्या गावाने बहिष्कार टाकला तरी 'सुनावणी पार पडली' असं लिहिता येतं. बहिष्कार टाकायचा की नाही ते गावाने ठरवावं, पण लेखी हरकती दिल्याशिवाय टाकलात तर फाइलमध्ये तुमचं काहीच उरत नाही.

जैतापूर प्रकल्पाची सुनावणी माडबनला 16 मे 2010 रोजी झाली. विरोध उघड होता. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला 35 अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली. नकार देण्याचा अधिकार त्या मांडवाला नव्हताच. फिनलंडमध्ये वापरलेलं इंधन जमिनीखाली खोल पुरायची जागा ठरवताना एउरायोकी नगरपालिकेला तो होता. तिथल्या परिषदेने 2000 साली 20 विरुद्ध 7 मतांनी होकार दिला, संसदेची मोहोर त्यानंतर. स्वीडनमध्ये तर नगरपालिकांना या विषयाच्या अभ्यासासाठी अणुकचरा निधीतून पैसे मिळाले. आपल्याकडे असं काही नाही, म्हणून कागद नीट करणं एवढंच हातात राहतं.

दुसरी चूक विषयाची. कोकणात चर्चा मासे, आंबा, गरम पाणी आणि जमिनीचा मोबदला यांवर जाणार, त्यात गैर काही नाही. पण कचरा दरवेळी शेवटच्या पाच मिनिटांत येतो, तोही 'कचऱ्याचं काय?' एवढ्याच शब्दांत. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं: वापरलेलं इंधन आपण कचरा मानत नाही, त्यावर पुनर्प्रक्रिया करतो, म्हणजे त्यातला पुन्हा वापरता येणारा भाग वेगळा काढतो. धोरण म्हणून हे खरं आहे. मात्र पुनर्प्रक्रियेनंतर तीव्र किरणोत्सारी द्रव उरतो. तो काचेत गोठवतात आणि ती काच तारापूरसारख्या ठिकाणी देखरेखीखाली ठेवतात. खोल भूगर्भातलं कायमचं भांडार भारतात अजून नाही.

म्हणून असं विचारा: वापरलेलं इंधन इथल्या तलावात, म्हणजे ते थंड ठेवायच्या पाण्याच्या टाकीत, किती वर्षं राहील? नंतर कुठे आणि कोणत्या मार्गाने जाईल? कमी तीव्रतेचा कचरा प्रकल्पाच्याच आवारात पुरणार का, आणि प्रकल्प बंद झाल्यावर त्या जागेवर लक्ष कोण ठेवणार? या कचऱ्यातल्या सीझियम-137 या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे 30 वर्षं आहे. दहा अर्धायुष्यं म्हणजे 300 वर्षं गेली तरी हजारातला एक भाग शिल्लक राहतो. 'तेव्हा कोण असेल?' असं म्हणून हसण्यापेक्षा हा हिशेब मांडा. फुगवून मात्र बोलू नका. 'कचऱ्याचा बॉम्बसारखा स्फोट होईल' असं एकाने म्हटलं की पुढच्या दहा नेमक्या प्रश्नांनाही अफवेचा शिक्का बसतो.

'किरणोत्सर्गाचा विषय अणुऊर्जा नियामक मंडळाचा, इथे नको' असं उत्तर आलं तर वाद घालत बसू नका. हेच उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि तोच प्रश्न मुंबईला, अणुशक्तीनगरच्या नियामक मंडळाकडे लेखी पाठवा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: शेवटी निघून जाणं. भाषणं संपली की मांडव रिकामा होतो. नेमकं तेव्हाच प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवतो, आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी त्याच दिवशी त्यावर सही करतो. तुमचा कचऱ्याचा प्रश्न तिथे 'पर्यावरणविषयक चिंता' एवढाच उरला असेल तर सहीच्या आधीच उभं राहून दुरुस्ती मागावी लागते. चार-पाच जणांना केवळ या कामासाठी थांबवा. जेवणाची सोय करा, नाहीतर तेही पळतील.

सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी निघते. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आला का, ते पहिल्याच आठवड्यात पाहा. नसेल तर लगेच लेखी तक्रार द्या, पोच आणि आवक क्रमांक घ्या. ऐन सुनावणीत 'आम्हाला कागदच मिळाले नाहीत' म्हणून ओरडण्यापेक्षा ती पोच जास्त कामाची.

आणि सरपंचाने एकट्याने पत्र देऊ नये. जपानमध्ये तोयोच्या महापौरांनी 2007 मध्ये गावाला न विचारता अणुकचरा भांडाराच्या पाहणीसाठी अर्ज केला. त्याच वर्षी ते निवडणूक हरले आणि अर्ज मागे घेतला गेला. पत्र बाजूचं असो की विरोधातलं, आधी ग्रामसभेचा ठराव करा.

सुनावणीचं चित्रीकरण बंधनकारक असतं. त्याची प्रत माहिती अधिकारात मागा आणि प्रसिद्ध झालेल्या इतिवृत्ताशी ताडून बघा.