कागद उलटवून आणि फिरवून आकृतीची सममिती कशी तपासावी

आयत काढून त्याचे सममिती अक्ष दाखवायला सांगितले, की अनेक विद्यार्थी मधल्या दोन रेषांबरोबर दोन्ही कर्णही काढतात आणि उत्तर चार असे लिहितात. कर्णामुळे आयताचे दोन एकरूप त्रिकोण होतात हे खरे आहे. परंतु दोन भाग एकरूप असणे वेगळे आणि त्या रेषेत एक भाग दुसऱ्याचे प्रतिबिंब असणे वेगळे. हा फरक नुसत्या नजरेला सहज कळत नाही, हाताला मात्र लगेच कळतो. म्हणून पुढील प्रत्येक कृती वाचून सोडून न देता कागद घेऊन करून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. साधा कागद, ट्रेसिंग पेपर, टाचणी, पट्टी, कोनमापक आणि कात्री एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे.

प्रथम आयताकृती कागद त्याच्या कर्णावर दुमडा. समोरासमोरचे दोन कोपरे एकमेकांवर न येता वेगवेगळ्या ठिकाणी बाहेर निघालेले दिसतील आणि दुमडलेल्या कागदाची कड, मध्ये खाच असलेल्या पंचकोनासारखी होईल. आता तोच कागद उलगडून समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या रेषेवर दुमडा. कड कडेवर आणि कोपरा कोपऱ्यावर तंतोतंत बसेल. ज्या रेषेवर घडी घातली असता आकृतीचा एक भाग दुसऱ्या भागावर पूर्णपणे बसतो, ती रेषा म्हणजे सममिती अक्ष, आणि असा अक्ष असलेल्या आकृतीला परावर्तन सममिती असते.

घडी घालणे शक्य नसेल, उदाहरणार्थ आकृती पुस्तकात छापलेली असेल, तर मोजून पाहावे. आकृतीवरील एखादा बिंदू आणि त्याचे प्रतिबिंब यांना जोडणाऱ्या रेषाखंडाला अक्ष काटकोनात छेदतो आणि त्याचे दोन समान भाग करतो, म्हणजे अक्ष हा त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक असतो. नुसते अंतर समान असून भागत नाही, काटकोनही असावा लागतो. आयताचा कर्ण नेमका इथेच अपुरा पडतो: समोरासमोरचे दोन्ही शिरोबिंदू त्याच्यापासून सारख्याच अंतरावर असतात, पण त्यांना जोडणारी रेषा म्हणजे दुसरा कर्ण, आणि तो पहिल्याला काटकोनात छेदत नाही.

आता घूर्णन सममितीकडे वळू. आकृती ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या, मूळ आकृतीवर ती नीट बसवा, मध्यबिंदूवर टाचणी टोचा आणि वरच्या कागदाच्या माथ्यावर एक बाण काढा. कागद हळूहळू फिरवत बाण पुन्हा माथ्यावर येईपर्यंत वरची आकृती खालच्या आकृतीशी किती वेळा जुळते, ते मोजा. ही संख्या म्हणजे घूर्णन सममितीची कोटी. समभुज त्रिकोण १२०, २४० आणि ३६० अंशांवर जुळतो, म्हणून त्याची कोटी ३. लागोपाठच्या दोन जुळण्यांमधला कोन ३६० भागिले कोटी इतका असतो. बाण काढायला विसरू नये, कारण त्याच्याशिवाय पूर्ण फेरा कोठे संपला हे कळत नाही आणि मोजणी हमखास चुकते. पूर्ण फेऱ्यानंतर कोणतीही आकृती स्वतःशी जुळतेच; त्यामुळे कोटी १ आली, तर त्या आकृतीला घूर्णन सममिती नाही असे समजावे.

समांतरभुज चौकोन, म्हणजे जो आयतही नाही आणि समभुजही नाही असा, या दोन सममितींमधला भेद सर्वांत स्वच्छ दाखवतो. कशाही घड्या घातल्या तरी त्याचे दोन भाग एकमेकांवर बसत नाहीत, पण कर्णांच्या छेदनबिंदूवर टाचणी टोचून अर्धा फेरा दिला की तो बरोबर जुळतो. अक्ष एकही नाही, कोटी मात्र २.

याहून बोलके उदाहरण भिरभिऱ्याचे आहे. सुमारे १५ सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद घ्या. या टप्प्यावर त्याचे चार सममिती अक्ष आहेत, दोन कर्ण आणि दोन मध्यरेषा, आणि त्याची कोटीही ४ आहे. चारही कोपऱ्यांपासून कर्णांवरून मध्याच्या दिशेने कात्री चालवा आणि मध्यापासून साधारण दोन सेंटिमीटर अलीकडे थांबा. आता प्रत्येक कोपऱ्याची दोन टोके झाली आहेत. त्यांपैकी एकेक सोडून एकेक टोक मध्यापर्यंत वाकवून आणा आणि टाचणीने एकत्र धरा. सगळ्या पाती एकाच बाजूला कलल्यामुळे चारही अक्ष नाहीसे झाले, परंतु चतुर्थांश फेरा दिला तर भिरभिरे पूर्वीसारखेच दिसते. परावर्तन सममिती गेली, घूर्णन सममिती तशीच राहिली. भिरभिरे आरशासमोर धरले, तर आरशातल्या पाती उलट दिशेला कललेल्या दिसतील.

हे का घडते, याचे उत्तर ट्रेसिंग पेपरमध्येच आहे. परावर्तन तपासताना तो कागद उलटवावा लागतो, म्हणजे त्याची पाठ वर येते; घूर्णन तपासताना तो नुसता फिरतो, पाठ वर येत नाही. आता तोच कागद दोन वेगवेगळ्या अक्षांवर लागोपाठ दोनदा उलटवा. पहिल्यांदा पाठ वर आली, दुसऱ्यांदा पोट पुन्हा वर आले, आणि एकूण परिणाम कागद नुसता फिरवल्यासारखा झाला. हा फिरण्याचा कोन दोन अक्षांमधल्या कोनाच्या दुप्पट असतो. चौरसाचे लगतचे अक्ष ४५ अंशांवर छेदतात, म्हणून तो ९० अंशांनी फिरवला असता जुळतो. समभुज त्रिकोणाचे अक्ष ६० अंशांवर छेदतात, म्हणून तो १२० अंशांनी जुळतो. या विषयातले सर्वांत सुंदर नाते मला हेच वाटते, कारण वेगळ्या वाटणाऱ्या दोन सममिती येथे एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

याच नात्यातून उत्तर पडताळण्याचा एक भरवशाचा नियम मिळतो: बहुभुजाकृतीच्या सममिती अक्षांची संख्या एकतर शून्य असते किंवा कोटीइतकी असते, मधली कोणतीही संख्या येत नाही. आयताला चार अक्ष असते, तर त्याची कोटी ४ असायला हवी होती आणि ९० अंशांनी फिरवल्यावर तो जुळायला हवा होता; आडवा आयत उभा होतो, जुळत नाही, म्हणजे कर्ण हे अक्ष नव्हेत. समभुज चौकोनात हेच उलट होते, तेथे कर्ण अक्ष असतात आणि मध्यरेषा नसतात. चौरस हा आयतही आहे आणि समभुज चौकोनही, म्हणून त्याला दोन्हींचे मिळून चार अक्ष लाभतात. पतंगाकृती चौकोनाला आणि समद्विभुज समलंब चौकोनाला सामान्यतः एकेकच अक्ष असतो, त्यामुळे त्यांची कोटी १ राहते.

सुसम बहुभुजाकृतीला जितक्या बाजू तितके अक्ष आणि तितकीच कोटी. बाजूंची संख्या विषम असेल, तर प्रत्येक अक्ष एका शिरोबिंदूतून निघून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूतून जातो. सम असेल, तर निम्मे अक्ष समोरासमोरचे शिरोबिंदू जोडतात आणि निम्मे समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू. वर्तुळाचा प्रत्येक व्यास अक्षावर असतो, त्यामुळे त्याचे अक्ष मोजताच येत नाहीत.

सरावासाठी पत्त्यांचा जोड काढावा आणि चौकटचे एक्का ते दश्शी हे पत्ते एकेक करून अर्धा फेरा देऊन पाहावेत. नेहमीच्या जोडात सत्ती सोडून बाकीचे सगळे जुळतात. सत्तीतले सातवे चिन्ह बरोबर मध्ये नसून एका टोकाकडे सरकलेले असते, त्यामुळे पत्ता फिरवला की ते दुसऱ्या टोकाकडे जाते. हीच तपासणी बदामच्या तिर्रीवर केली, तर मधला बदाम उलटा झालेला दिसेल. चौकटच्या तिर्रीत असे होत नाही, कारण चौकटच्या चिन्हाची स्वतःचीच कोटी २ आहे.