नवे उत्पादन आणि डिझाइन : या चुका टाळा

नवे उत्पादन बाजारात चालले नाही की दोष सहसा किमतीला, जाहिरातीला किंवा विक्री विभागाला दिला जातो. माझ्या मते बिघाड बऱ्याचदा फार आधी झालेला असतो. अडचण नेमकी कोणाची आणि कोणती, हे ठरत असताना डिझायनर तिथे नसतो. सगळे ठरून गेल्यावर वस्तू देखणी करण्यासाठी त्याला बोलावले जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि तिचे लक्षण ओळखणे सोपे आहे. डिझायनरच्या हाती येणाऱ्या पहिल्या कागदावर रंग, आकार आणि वेष्टन यांविषयीच सूचना असतील आणि वस्तू वापरणाऱ्या माणसाविषयी एकही ओळ नसेल, तर काम तिथेच थांबवून मूळ प्रश्न पुन्हा मांडावा. अमेरिकी उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे फळे सोलण्याचे साधन धरताना त्रास होत असे. दुखऱ्या हातालाही घट्ट धरता येईल अशी मूठ कशी असावी, या प्रश्नापासून फार्बर यांनी सुरुवात केली आणि १९९० मध्ये जाड, मऊ मुठींची ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ ही स्वयंपाकघरातील साधने बाजारात आली. निरोगी हातांनाही ती मूठ सोयीची वाटली, म्हणून ती साधने सर्वांचीच झाली. प्रश्न केवळ ‘हे साधन आकर्षक कसे करावे’ एवढाच असता, तर ही मूठ कोणाला सुचली असती असे मला वाटत नाही.

दुसरी चूक म्हणजे ग्राहकाने दिलेले उत्तर आणि त्याचे प्रत्यक्ष वागणे एकच मानणे. १९८५ मध्ये कोका-कोलाने सुमारे दोन लाख चव-चाचण्यांच्या आधारे आपले मूळ पेय बदलले आणि लोकांच्या संतापामुळे ७९ दिवसांत जुने पेय परत आणण्याची घोषणा केली. कोणता घोट अधिक आवडला, हे त्या चाचण्यांनी सांगितले; पण वर्षानुवर्षांच्या सवयीची वस्तू नाहीशी झाल्यावर माणसाला काय वाटेल, हे एका घोटातून कळणारे नव्हते. म्हणून सर्वेक्षणाच्या जोडीला माणूस ती वस्तू रोज कशी हाताळतो, कुठे अडखळतो आणि कोणती पळवाट काढतो, हे त्याच्याच जागी बसून पाहावे.

तिसऱ्या चुकीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती मेहनती माणसांकडून होते. नमुना पूर्ण आणि सुबक झाल्याशिवाय तो कोणाला दाखवायचा नाही, असा त्यांचा आग्रह असतो. तोवर त्यात इतका वेळ आणि पैसा गुंतलेला असतो की दोष दिसूनही मान्य करणे जड जाते. १९९६ मध्ये पाम पायलट हा खिशात मावणारा संगणक बाजारात आला. त्याआधी त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन वावरत असत आणि भेटीची नोंद करायची वेळ आली की तो काढून त्यावर लिहिण्याची नक्कल करत. हे उपकरण मी खरोखर जवळ बाळगेन का, एवढाच प्रश्न त्या ठोकळ्याला विचारलेला होता, आणि त्यासाठी आत एकही तार लागत नव्हती. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ नमुने केले. तिथे धूळ हवेतून वेगळी करण्याचे तंत्र साधायचे होते, त्यामुळे ठोकळ्याने काम भागले नसते. प्रत्येक नमुना करण्यापूर्वी त्याने कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे ते लिहून ठेवावे आणि तेवढ्यापुरताच खर्च करावा.

शेवटची चूक वस्तूबाहेरची आहे : नवी वस्तू कंपनीच्या कमाईच्या रचनेत बसते का, हे न पाहणे. कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीत अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा तयार केला होता आणि पुढे कंपनीने असे कॅमेरे विकलेही. पण तिची कमाई फिल्म, कागद आणि छपाईची रसायने यांभोवती रचलेली होती आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. चाचणीत उत्तम ठरलेली कल्पना कंपनीच्या आतच अडत असेल, तर तिच्यामुळे कोणत्या विभागाचे उत्पन्न घटणार आहे ते आधी शोधावे आणि वस्तूच्या आराखड्यासोबतच पैसा कुठून येईल याचाही आराखडा त्याच टेबलावर मांडावा.