‘देवा, आता मला ने’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या भेटीला जाताना

चर्चच्या मंडळीतल्या ऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबांकडे गेलं, की हे वाक्य कानावर पडतंच. घरचे लगेच म्हणतात, ‘असं अभद्र बोलू नका.’ मग ते माणूस गप्प होतं आणि पुढे कुणापाशीच बोलत नाही. प्रेषित पौलाने कैदेतून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलं, की इथून जाऊन ख्रिस्ताजवळ असणं फार चांगलं, तरी तुमच्यासाठी देहात राहणं अधिक गरजेचं (फिलिप्पै 1:21-26). दोन्ही इच्छा एकाच माणसाच्या, एकाच दमात सांगितलेल्या. पहिली इच्छा मोकळी राहू द्यायची आणि तिच्या शेजारी दुसरी जागी करायची, यासाठी ही भेट.

वेळ सकाळी नाश्त्यानंतरची किंवा दुपारच्या चहाची घ्या. वीस ते तीस मिनिटं पुरे. दोघांपेक्षा जास्त जाऊ नका. ज्या कानाने चांगलं ऐकू येतं त्या बाजूला बसा, टीव्ही बंद करायला सांगा. पहिली दहा मिनिटं फक्त ऐका. ‘प्रभूने न्यावं असं कधीपासून वाटतंय? रात्री झोप लागते का? जेवण जातं का? दुखतंय कुठे?’ एवढे प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून घ्या. सुनेकडे बघून ‘आजी जेवतात का?’ असं विचारलं, की आजी त्या खोलीत असून नसल्यासारख्या होतात.

या प्रश्नांमागे कारण आहे. स्वर्गाची ओढ असलेलं माणूस नातवंडं आली की खुलतं, गाणं सुरू झालं की ओठ हलवतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक गेली असेल, कशातच रस नसेल, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ हेच पालुपद असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर बायबलच्या वचनांचा मारा करू नका, डॉक्टरांना दाखवा. अंगदुखी, ऐकू न येणं, नवीन सुरू झालेली गोळी हीही कारणं असतात. औषधं नाकारणं, गोळ्या साठवून ठेवणं किंवा जीव द्यायची भाषा दिसली, तर माणसाला एकटं ठेवू नका, गोळ्या घरच्यांच्या ताब्यात द्या आणि त्याच दिवशी हालचाल करा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट (1 राजे 19) इथे फार उपयोगी पडते. ‘पुरे आता, माझा प्राण घे’ म्हणून तो झुडपाखाली निजला. देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. काम सोपवलं गेलं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. आपणही हाच क्रम ठेवावा.

बायबलमधलं वाचन एकच घ्या, दोन ते पाच ओव्यांचं: योहान 14:1-3, प्रकटीकरण 21:1-5 किंवा स्तोत्र 71:17-18. शेवटच्यात म्हातारा माणूस पुढच्या पिढीला देवाचा पराक्रम सांगण्यापुरता वेळ मागतो, म्हणून ते फार नेमकं बसतं. स्वर्गाचं वर्णन करताना केवळ ‘तिथे बाबा भेटतील’ एवढ्यावर थांबू नका. आपण मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, शरीराचं पुनरुत्थान कबूल करतो. ज्या देहाला देव उठवणार आहे त्याला वेळेवर गोळी, अंघोळ आणि मऊ भात देणं हा विश्वासाचाच भाग आहे. काही आजोबांना हे कुणीतरी स्पष्ट सांगावं लागतं.

आता त्यांना द्यायचं काम, म्हणजे इतरांसाठी प्रार्थना. ‘देवाने तुम्हाला कशासाठी तरी ठेवलंय’ असं म्हणून उठलात, तर ते वाक्य पोकळ ठरतं. जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरांत एक कागद लिहा: सात वार, प्रत्येक वाराला प्रार्थनेसाठी एक घर आणि त्या घराची एकच विनंती. परीक्षा, नोकरी, बाळंतपण. पुढच्या भेटीत प्रत्येकाचं काय झालं ते सांगा आणि कागद बदला. हा निरोप पोहोचला नाही तर कागद दोन आठवड्यांत उशीखाली जातो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तीनच नावं तोंडी द्या. अंगात बळ असेल तर जुन्या भजनांच्या चाली मोबाइलवर दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करून घ्या. मंडळीत त्या चाली आता फार थोड्यांना येतात.

काहींना निघायची घाई असते, पण मन कुठेतरी अडकलेलं असतं. कुणाशी अबोला असेल तर भेट किंवा फोन जुळवून द्या. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका, भारतीय वारसा कायद्यानुसार त्याला दिलेला वाटा रद्द होतो. दफनविधीची गाणी, वचन आणि कबरेची जागाही त्यांनाच विचारून लिहून ठेवा. हे बोलणं झाल्यावर बरेच जण शांत झोपतात.

प्रार्थना दोन मिनिटांची, त्यांचा हात हातात घेऊन, त्यांचेच शब्द वापरून करा. ‘प्रभू, तुझ्या वेळेला ने, आणि तोवर आजच्या घराची प्रार्थना यांच्याकडून ऐक.’ प्रभुभोजन हवं असेल तर पाळकांना किंवा फादरांना कळवा. गिळायला त्रास होत असेल तर आधीच सांगा, म्हणजे भाकरीचा अगदी लहान तुकडा देतील. निघताना पुढच्या भेटीचा वार सांगा. आणि सांभाळ करणाऱ्या सुनेला किंवा लेकीला विचारा, तासभर कुठे जाऊन यायचंय का. तेवढा वेळ तुम्ही बसा.