परदेशी स्वस्तात फोन करायचाय? बिल वाढवणाऱ्या आणि कॉल बिघडवणाऱ्या या चुका टाळा

परदेशी केलेल्या कॉलचे पैसे अंदाजापेक्षा जास्त कापले गेले की आपण दराला दोष देतो. बहुतेक वेळा दर ठीकच असतो, कॉल मात्र आपण समजत होतो त्या वाटेने गेलेलाच नसतो. म्हणून आधी या वाटा नीट ओळखून घ्या.

एक, ॲपवरून ॲपवर: व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम, फेसटाइम ऑडिओ. दोन्हीकडे इंटरनेट आणि तेच ॲप लागतं, खर्च फक्त डेटाचा. दोन, ॲपवरून साध्या नंबरवर: व्हायबर आउट, रेबटेल अशा सेवा. तुमच्या बाजूला इंटरनेट, पलीकडे साधा फोन, आणि मिनिटामागे दर. तीन, ॲक्सेस नंबर: तुम्ही तुमच्याच भागातल्या एका नंबरवर कॉल करता आणि सेवा तो पुढे परदेशी जोडून देते. इंटरनेट कमजोर असेल आणि साधे कॉल प्लॅनमध्येच मिळत असतील, तर ही वाट फार उपयोगी पडते. चार, सिमवरून थेट आयएसडी. प्लॅनमध्ये परदेशी मिनिटं नसतील तर हीच वाट सहसा सर्वांत महाग.

बराच काळ दुसऱ्या वाटेसाठी स्काइपचं नाव घेतलं जायचं. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. तरीही 'स्काइप क्रेडिट भरा' असं सांगणारा मजकूर अजून सापडतो. त्यावर विसंबू नका.

कॉन्टॅक्टमधलं हिरवं फोनचं बटण दाबणं

ही सर्वांत साधी आणि सर्वांत महागात पडणारी चूक. व्हॉट्सॲपवर बोलणं झालेलं असतं, नंतर पुन्हा बोलायचं म्हणून फोनबुकमध्ये नाव शोधून थेट कॉल लावला जातो, आणि तो सिमवरून आयएसडी म्हणून जातो. आयफोनच्या 'रिसेंट्स' यादीत साधे कॉल आणि ॲपचे कॉल शेजारी शेजारी दिसतात, म्हणून नावाखाली 'मोबाइल' लिहिलंय की ॲपचं नाव, हे बघूनच बोट ठेवा. उपाय सोपा आहे: परदेशी नंबरांचे कॉल नेहमी ॲप उघडून, त्याच्या आतूनच लावायचे. आयओएस १८.२ पासून सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ॲप्स' या भागात कॉलसाठी दुसरं ॲप ठरवता येतं. दोन सिम असतील तर कॉलिंग सिमसाठी 'दर वेळी विचारा' हा पर्याय ठेवा.

घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनसाठी याहून पक्का बंदोबस्त करता येतो. ऑपरेटरकडून आयएसडीच बंद करून घ्या. जीएसएम फोनवर *३३१*पासवर्ड# असा कोड डायल केला की बाहेर जाणारे आंतरराष्ट्रीय कॉल अडवले जातात. हा बारिंग पासवर्ड ऑपरेटरकडून मिळतो, आणि काही नेटवर्क हा कोड स्वीकारत नाहीत. तिथे कस्टमर केअरलाच सांगावं लागतं.

वाय-फाय कॉलिंग म्हणजे फुकट, असं धरून चालणं

फोनच्या सेटिंगमधलं वाय-फाय कॉलिंग आणि व्हॉट्सॲप कॉल यांचा एकमेकांशी संबंध नाही. वाय-फाय कॉलिंगमध्ये टॉवरऐवजी वाय-फाय वापरलं जातं एवढंच. कॉल ऑपरेटरच्याच यंत्रणेत जातो आणि परदेशी नंबर लावला असेल तर आयएसडीचाच दर लागतो.

परदेशात असताना मात्र याचा खरा फायदा होऊ शकतो. अनेक ऑपरेटर वाय-फायवरून मायदेशी केलेला कॉल मायदेशातूनच केल्यासारखा धरतात. सगळे तसं करत नाहीत, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. आणखी एक खबरदारी: बोलता बोलता वाय-फाय क्षीण झालं तर फोन गुपचूप तिथल्या टॉवरवर जातो आणि रोमिंगचा दर सुरू होतो. म्हणून आधी एअरप्लेन मोड चालू करा, मग त्यातच वाय-फाय चालू करा. आता फोनला टॉवरकडे जाताच येणार नाही.

नंबर अर्धवट किंवा चुकीचा साठवणं

कॉल लागत नाही, 'नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू येतं, किंवा समोरचा माणूस व्हॉट्सॲप वापरतो तरी यादीत दिसत नाही. या तिन्हींच्या मुळाशी बहुधा नंबरच असतो. आंतरराष्ट्रीय नंबराचा साचा ठरलेला आहे: + चिन्ह, देशाचा कोड, मग उरलेला नंबर. + सोडून जास्तीत जास्त १५ अंक. + हे चिन्ह डायलरवर ० दाबून धरलं की येतं.

देशांतर्गत नंबराच्या सुरुवातीला असणारा ० देशाच्या कोडनंतर गाळायचा असतो, आणि चूक इथेच होते. लंडनचा ०२० ने सुरू होणारा नंबर +४४ २० असा लिहायचा, +४४ ०२० असा नाही. इटली मात्र याला अपवाद: तिथल्या लँडलाइनचा ० तसाच ठेवावा लागतो, म्हणून रोमचा नंबर +३९ ०६ ने सुरू होतो. अर्जेंटिनाच्या मोबाइलला परदेशातून +५४ नंतर ९ लागतो आणि स्थानिक नंबरात असणारा १५ काढावा लागतो. मेक्सिकोच्या मोबाइलला पूर्वी +५२ नंतर १ लावत. २०१९ पासून तो लागत नाही, त्यामुळे जुने साठवलेले नंबर तपासून घ्या.

+ च्या जागी ०० लिहून ठेवायची सवयही सोडा. ०० पुष्कळ देशांत चालतं, पण अमेरिका आणि कॅनडात ०११, ऑस्ट्रेलियात ००११ आणि जपानमध्ये ०१० लागतं. + लिहिलं की फोन ज्या देशात असेल तिथला योग्य उपसर्ग नेटवर्कच लावतं. स्वतःच्या देशातले नंबरही याच साच्यात साठवा, म्हणजे प्रवासात एकही बदलावा लागणार नाही.

ॲक्सेस नंबर वापरत असाल तर तो, त्यानंतर स्वल्पविराम आणि मग पिन असं सगळं एकाच कॉन्टॅक्टमध्ये ठेवता येतं. स्वल्पविरामाला फोन साधारण दोन सेकंद थांबतो. पुढचे अंक फार लवकर जात असतील तर दोन-तीन स्वल्पविराम द्या.

+१ म्हणजे अमेरिकाच, असं समजणं

+१ हा कोड अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधल्या अनेक देशांचा सामाईक आहे. +१ ८७६ जमैका, +१ ८०९ डोमिनिकन रिपब्लिक, +१ २४२ बहामा, +१ २४६ बार्बाडोस. 'अमेरिका-कॅनडा अमर्याद' अशा प्लॅनमध्ये हे देश धरलेले नसतात आणि त्यांचा दर कितीतरी जास्त असतो. याचाच गैरफायदा घेणारी फसवणूक जुनी आहे. एक रिंग देऊन कॉल कापला जातो, तुम्ही उलट कॉल करता, आणि मिनिटामागे भरमसाट आकारणी होते. जपानी भाषेतून आलेलं तिचं नाव 'वांगिरी'. अनोळखी परदेशी मिस्ड कॉलला उलट फोन करू नका. ज्याला खरंच काम असेल तो पुन्हा लावेल किंवा मेसेज करेल.

+८७०, +८८१, +८८२ आणि +८८३ यांवरही लक्ष ठेवा. +८७० आणि +८८१ उपग्रह फोनसाठी आहेत, बाकीचे दोन कोणत्याही एका देशाचे नसलेल्या नेटवर्कचे. 'जगभर' म्हणणाऱ्या स्वस्त योजनांतूनही हे सहसा वगळलेले असतात.

फक्त मिनिटाचा दर बघणं

सेवेची तुलना करताना दर हा एक आकडा झाला. त्याच्या जोडीला मोजणीचं एकक, जोडणी शुल्क (प्रत्येक कॉल लागला की एकदाच कापली जाणारी रक्कम) आणि क्रेडिटची मुदत बघितली नाही तर हिशोब हमखास चुकतो.

समजा तुम्ही १ मिनिट ५ सेकंदांचे दहा कॉल केले. प्रत्यक्ष बोलणं १० मिनिटं ५० सेकंद. मिनिटाने मोजणारी सेवा प्रत्येक कॉलची दोन मिनिटं धरणार, म्हणजे एकूण २० मिनिटांचे पैसे. दुसऱ्या सेवेचा दर दीडपट आहे, पण ती सेकंदाने मोजते. तिच्याकडे पहिलीच्या साधारण सव्वासोळा मिनिटांइतका खर्च येईल. 'महाग' सेवा इथे स्वस्त पडली.

जोडणी शुल्काचंही तसंच. ते दोन मिनिटांच्या दराइतकं असेल तर एका मिनिटाच्या कॉलला तिप्पट पैसे जातात, पण वीस मिनिटांच्या कॉलला मिनिटामागे जेमतेम दहा टक्के जास्त. थोडक्यात बोलणाऱ्याने जोडणी शुल्क असलेली सेवा घेऊच नये.

बाकीच्या अटी वाचताना लँडलाइन आणि मोबाइलचे दर वेगवेगळे आहेत का, ते बघा. काही देशांत हा फरक खूप मोठा असतो. 'अमर्याद' योजनेत फक्त लँडलाइन आहे का, एका कॉलला वेळेची मर्यादा आहे का, किती वेगवेगळ्या नंबरांवर कॉल करता येतात, आणि वापर झाला नाही तर क्रेडिट कधी संपतं, हेही बघा. ऑटो-रिचार्ज पहिल्याच दिवशी बंद करा. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणून सबस्क्रिप्शन थांबत नाही. ते ॲप स्टोअर किंवा प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन विभागात जाऊनच रद्द करावं लागतं.

डेटाचा अंदाज चुकणं

आवाजाच्या कॉलला डेटा फार लागत नाही. आवाज इंटरनेटवरून छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो. सेकंदाला साधारण २४ किलोबिट आवाज आणि पॅकेटच्या पत्त्यांचे सुमारे १६ किलोबिट, असे ४० किलोबिट एका दिशेला धरले तर दोन्ही दिशा मिळून मिनिटाला ०.६ एमबी, तासाला साधारण ३६ एमबी होतात. व्हिडिओ चालू केला की हाच आकडा तासाला काही शे एमबीवर जातो. रोमिंग डेटावर असाल तर व्हिडिओ बंद ठेवा. व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज अँड डेटा' सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्यायही आहे. आवाज थोडा पातळ होतो, पण कमजोर नेटवर्कवर कॉल टिकतो.

आवाज तुटतो, उशिरा येतो, एकाच बाजूने येतो

इथे वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचं. आवाज एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर संभाषण सहज होतं. ४०० च्या पुढे दोघंही एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. म्हणून स्पीड टेस्टमध्ये मोठा आकडा दिसूनही कॉल खराब असू शकतो. घरात कोणी मोठी फाइल किंवा फोटोंचा बॅकअप अपलोड करत असेल तर तो थांबवा. राउटरच्या जवळ या, शक्य असेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वापरा, व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बंद करा. सुधारणा झाली नाही तर वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर कॉल करा. तिथे आवाज स्वच्छ आला, तर दोष वाय-फायचा किंवा त्याच्या मागच्या इंटरनेटचा आहे हे ठरलं.

तुम्हाला ऐकू येतं पण तुमचा आवाज जात नसेल, तर आधी ॲपला मायक्रोफोनची परवानगी आहे का ते बघा. मग ब्लूटूथ तपासा. दुसऱ्या खोलीत पडलेल्या हेडसेटला फोन जोडलेला असतो आणि आवाज तिथून घेतला जातो. परवानगी ठीक असून हॉटेल किंवा ऑफिसच्या वाय-फायवर कॉल 'कनेक्टिंग'वरच अडकत असेल, तर तिथल्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या सुरक्षा-गाळणीने, यूडीपी पॅकेट (कॉलचा आवाज सहसा ज्या प्रकारच्या पॅकेटमधून जातो ती) अडवलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे तुमच्या फोनवर काही बदलून फरक पडत नाही, मोबाइल डेटा वापरा.

स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येत असेल तर तो बहुतेक वेळा समोरच्याच्या स्पीकरफोनमुळे येतो. त्यांना इअरफोन लावायला सांगा.

लिनफोन किंवा झोयपरसारखं सिप ॲप (सिप ही इंटरनेटवरून कॉल जोडण्याची एक पद्धत) वापरणाऱ्यांना एक विशिष्ट दोष भेटतो: कॉल जोडला की तीस-बत्तीस सेकंदांनी दर वेळी तुटतो. कॉल उचलल्याची पोचपावती पलीकडच्या सर्व्हरला पोहोचत नाही आणि ३२ सेकंद वाट बघून तो कॉल सोडून देतो. राउटरमधलं 'सिप एएलजी' हे सेटिंग बंद केलं की बहुधा हा त्रास जातो.

येणारे कॉल वाजतच नाहीत

मग समोरचा माणूस वैतागून साधा कॉल लावतो आणि त्याचे पैसे जातात. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्यासाठी ॲप झोपवलं जातं, हे याचं नेहमीचं कारण. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरी विभागात जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा, आणि डेटा सेव्हर चालू असेल तर या ॲपला त्यातून सूट द्या. आयफोनवर नोटिफिकेशन आणि फोकस मोड तपासा.

प्रवासाला निघण्याआधी राहून जाणाऱ्या गोष्टी

कॉल उचलला नाही तर व्हॉइसमेलकडे वळवण्याची सोय चालू असेल, तर रोमिंगमध्ये एकाच कॉलचे दोनदा पैसे लागू शकतात: कॉल आधी परदेशात तुमच्यापर्यंत येतो, मग तिथून मायदेशी व्हॉइसमेलकडे परत जातो. निघण्याआधी, मायदेशाच्या नेटवर्कवर असतानाच, ##००४# डायल करून हे सशर्त फॉरवर्डिंग रद्द करा. जहाजावर किंवा विमानात फोन एअरप्लेन मोडमध्येच असू द्या. तिथली मोबाइल सेवा उपग्रहावरून चालते आणि रोमिंगच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये सहसा बसत नाही.

तिथलं सिम घेतलं म्हणून व्हॉट्सॲपचा नंबर बदलायची गरज नाही. ॲपने विचारलं तरी जुनाच ठेवा, सगळे त्याच नंबरवर तुम्हाला शोधणार आहेत. पण जुनं सिम बंद पडू देऊ नका. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते, आणि त्याच्यासोबत तुमचे ओटीपीही जातात. व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आधीच लावून ठेवा.

जिथे जाताय किंवा जिथे फोन करायचाय, तिथे ॲप चालतं का तेही विचारा. चीनमध्ये व्हॉट्सॲपच अडवलेलं आहे, तिथे वीचॅट लागतं. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज चालतात पण कॉलवर बंदी राहिली आहे. तिथले लोक बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. व्हीपीएनने वाट काढायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण अमिरातीत बेकायदा कामासाठी व्हीपीएन वापरण्याला मोठा दंड आहे.

आणि पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेला ॲपवरून फोन लागेल असं समजू नका. व्हॉट्सॲपसारखी ॲप आपत्कालीन नंबरांना जोडत नाहीत. त्यासाठी सिमवरचा साधा डायलरच उघडायचा.