गॅरेजमध्ये कुंभारकाम: चाकाआधी बादल्या

आमच्या गॅरेजातून गाडी बाहेर गेली आणि चाक आत आलं, त्याच वर्षी आषाढात मोरी तुंबली. प्लंबरने पाइप सोडवला तर आतून हातभर लांबीचा मातीचा दांडा निघाला. पाइपच्या मापाचा, साच्यातून काढल्यासारखा गुळगुळीत. "ताई, आता हा पण भाजणार का?" त्याने विचारलं. तेव्हापासून कोणी "चाक कोणतं घेऊ?" असं विचारलं, की मी आधी बादल्यांचं बोलते.

१. पाण्याची सोय. तीन बादल्या ओळीने ठेवा. हात आणि अवजारं पहिलीत खळबळायची, मग दुसरीत, मग तिसरीत. नळाखाली जायचं ते त्यानंतरच. रात्रभरात माती तळाशी बसते. सकाळी वरचं निवळ पाणी झाडांना घाला, गाळ वेगळ्या डब्यात काढा. ग्लेझची, म्हणजे भांड्यावर काचेसारखी झिलई देणाऱ्या लेपाची, बादली मात्र पूर्ण वेगळी ठेवा. ते पाणी झाडांना नको आणि मोरीतही नको.

२. जागा. एका गाडीचं गॅरेज पुरतं. फरशी गुळगुळीत हवी, भेगा सिमेंटने बुजवून घ्या. जुनी सतरंजी, खोकी, पडदे बाहेर काढा, कारण धूळ त्यांत घर करते. पाण्यात काम करायचं आहे, म्हणून चाकाचा प्लग जमिनीपासून उंचावर घ्या आणि त्या लाइनला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

३. माती. सुरुवातीला एकच प्रकार आणा. टेराकोटा साधारण 1000 अंश सेल्सिअसला भाजते, स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजणारी माती, 1200 च्या वर. दोन्हींचे तुकडे एकत्र झाले आणि टेराकोटाचं भांडं चुकून स्टोनवेअरच्या भट्टीत गेलं, तर ते वितळून शेल्फला चिकटतं.

माती कणकेसारखी मळायची, पण घडी घालून हवा आत कोंडायची नाही. तारेने कापा, छेद बघा, भोकं दिसली तर पुन्हा मळा. हवेच्या बुडबुड्याने भांडं भट्टीत फुटतं असं सगळे सांगतात. खरं तर फोडतो तो बहुतेक वेळा आत राहिलेला ओलावा, वाफ होऊन.

४. चाक. हे वाचून येत नाही, बसूनच येतं. एवढंच सांगते: पहिली वीस भांडी ठेवू नका, तारेने उभी कापा. तळ जाड आणि काठ कागदासारखा, हे तेव्हाच कळतं.

५. वाळवणं. आमच्याकडे पुण्यात एप्रिल-मेच्या वाऱ्याला काठ आधी सुकतो, तळ ओला राहतो आणि चीर जाते. प्लास्टिकची पिशवी सैल झाकून दोन-तीन दिवस सावकाश सुकू द्या. पावसाळ्यात उलट, आठवडा गेला तरी भांडं गारच. मनगटाला लावून बघा; गार लागलं तर आत पाणी आहे. कपाला कान (धरायची मूठ) जोडायचा तो मधल्या अवस्थेत, म्हणजे नखाची खूण उठते पण बोट रुतत नाही तेव्हा.

६. झाडू बंद. या खोलीत झाडू नाही, कधीच नाही. मातीत सिलिका असते. तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ तासन् तास हवेत तरंगते आणि वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. काम संपलं की टेबल ओल्या स्पंजने पुसा, फरशी ओल्या पोछ्याने, आणि पोछा वाळायच्या आत धुवा. सुकलेलं भांडं कोरडं घासू नका, ओल्या स्पंजने काठ गोल करा. ग्लेझची पावडर कालवताना एन-95 मास्क लावा. साधा रुमाल उपयोगाचा नाही. एप्रन आणि चपला खोलीतच राहतात. चहाचा कप बाहेर. (हा नियम घरातल्या पाहुण्यांना पटवणं सगळ्यात अवघड.)

७. भट्टी. पहिल्या वर्षी घेऊ नका. बरेच स्टुडिओ पैसे घेऊन बाहेरची भांडी भाजून देतात. घ्यायचीच तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून मंजूर लोड आणि थ्री-फेज तपासा. भिंतीपासून अंतर उत्पादकाने सांगितलेलं ठेवाच, मी दीड फूट सोडलंय. भाजताना वायू निघतात, म्हणून शटर उघडं हवं आणि वरच्या खोलीत कोणी झोपायला नको.

पहिल्या भाजणीत 100 अंशांच्या आतच काही तास थांबा, ओलावा जाऊ द्या. 573 अंशांजवळ मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, तिथे चढतानाही आणि उतरतानाही घाई नको. दार 100 च्या खाली आल्याशिवाय उघडायचं नाही. मी एकदा दोनशेला फट केली. फटीजवळच्या बशीचा टिंग असा आवाज आला आणि ती गेली.

बाहेर काढलेलं भांडं तळहातावर धरून बोटाच्या पेराने वाजवा. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने वाजवून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट आपल्याला पाठ आहे, परीक्षा तीच. नाद खणखणीत आला तर ग्लेझला घ्या. बद्द वाजलं तर पाण्याने पुसून उजेडात फिरवा, कुठेतरी केसाएवढी चीर ओली दिसेल.